दहावी नापास माणसानं वाचायला लावलेली अट

देवरावकाका,

काल ऑफिसात तुमची शोकसभा झाली, आणि मी तिथं भांडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "नसीमबाई, मयतीच्या कामात तरी गप राहत जा." पण काम तुमचंच होतं, आणि मला गप करू शकणारा एकच माणूस ऑफिसात होता, तोच गेला.

भांडण शोकठरावाच्या कागदावरून झालं. मोठ्या बाबूंनी सुंदर अक्षरात लिहून आणला होता. पहिल्याच ओळीत 'कैलासवासी'. मी म्हटलं, त्यांच्या घरी 'कालकथित' म्हणतात, इतकी वर्षं एका छताखाली बसलात, तेवढं तरी माहीत असू द्या. त्यांनी निमूट खोडलं. पुढची ओळ होती, 'देवराव हे पदाने शिपाई असले तरी या नगराचे खरे कर निर्धारक तेच होते.' सगळ्यांनी माना हलवल्या. दोघांनी डोळेसुद्धा पुसले. तुम्हाला गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर बसवायचा कागद ज्यांच्या टेबलांवरून गेला, तेच ते दोघे.

मी उठून म्हटलं, "ही ओळ काढा. ते कर निर्धारक नव्हते."

सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी तुमचा अपमान केला. पण काका, गावातल्या घराघरावर किती घरपट्टी बसायची हे ठरवणाऱ्याचं ते पद. तुम्ही सत्तावीस वर्षं त्या कामाचा टेप धरलात आणि एकदाही कोणाला त्या नावानं स्वतःला हाक मारू दिली नाही. कोणी गमतीत म्हटलं तरी म्हणायचात, "ते सही करणाऱ्याचं नाव हाय. आपण मोजणारे." जिवंतपणी जे घेतलं नाही, ते मेल्यावर सांत्वन म्हणून तुमच्या हातात कोंबायचं, आणि तेही त्यांनी? ओळ निघाली. मी काढायला लावली.

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या माझ्या टेबलावर नोटीस येईल. दारव्ह्याकडच्या जीप जिथं थांबतात, तिथून दोन हाकांवर आपलं ऑफिस, एवढं ओळखीच्या लोकांना पुरे.

मी बी.कॉम. होऊन कर लिपिक म्हणून लागले, तेव्हा कागदावर तुमची वरिष्ठ होते. पहिल्या दिवशी तुम्ही मला बाजार ओळीत मोजणीला नेलंत. मी वही काढून थेट दारात उभी राहिले. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "बाई, आधी पाणी मागा. पाणी देईपर्यंत घर पाहून होते." त्या दिवशी तुम्ही मला शिकवलेलं कोणत्याच परीक्षेत विचारलं जात नाही. मालक म्हणाला की भाडेकरू नाही, सगळं एकच कुटुंब आहे. तुम्ही पाणी पिता पिता न्हाणीच्या दोरीकडं पाहिलंत. दोन्ही टोकांना वेगवेगळे टॉवेल, दोन साबण, दोन बादल्यांवर दोन वेगळ्या रंगांनी नावं. तुम्ही त्याला खोटा म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, "भाऊ, मांगच्या खोलीतल्या लोकायलेही बोलवा, त्यायचंही नाव लिहून घेतो." तो हसला आणि हाक मारली.

तुम्ही मवाळ नव्हता, हे कालच्या सभेत कोणी बोललं नाही. गरीब म्हणून तुम्ही कोणाची खोली लपवली नाही. तुमच्या स्वतःच्या घरामागं तुम्ही टिनाची एक खोली काढलीत, आणि त्या वर्षीच्या यादीत स्वतः जाऊन लिहून आलात. सुमनकाकू चार दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "साऱ्या गावचे लोक खोली लपवते, हा माणूस आपल्याच घराले टेप लावते." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मंग दुसऱ्याच्या घराले कोणत्या तोंडानं लावू?"

मग कापसाची ती वर्षं आली. एकामागून एक जिनिंग बंद पडल्या. माझे अब्बा त्याच जिनिंगांमध्ये फिटर होते. हळूहळू ते मोटारपंप दुरुस्त करायला लागले. मुंबई-दिल्लीहून पत्रकार यायचे, खेड्यांत आत्महत्या झालेल्या घरी जायचे, फोटो काढायचे आणि परतताना आपल्या बसस्टँडवर चहा प्यायचे. गावात, रुईपुऱ्यात कोणी शिरलं नाही. जिनिंगचे सगळे मजूर राहायचे तो तुमचा रुईपुरा. मशीन थांबलं तसे तिथले पुरुष वीटभट्टीवर गेले आणि बाया दारात बसून गाद्या शिवायला लागल्या.

नगरपरिषदेचंही उत्पन्न आटलं, म्हणून नव्यानं कर आकारणी करायचं ठरलं. कर निर्धारकाचं पद रिकामंच होतं. त्यावर एक नवे साहेब कंत्राटानं आणले गेले. बोलायला गोड, बूट चकाचक. ते मोजणीला बाहेर पडलेच नाहीत. टेबलावर नकाशा पसरला आणि प्रभागामागे एक दर लावून यादी केली. रुईपुऱ्यातली सगळी घरं 'पक्की, व्यापारी वापर' झाली, कारण दारात गाद्या शिवतात. आणि बंद पडलेली मोठी जिनिंग 'रिकामी जागा' झाली. तिच्या अर्ध्या शेडमध्ये खताचं गोदाम चालायचं. ते तुम्हाला माहीत होतं, कारण बंद कारखान्याच्या फाटकाचं कुलूप इतकं तेलपाणी केलेलं नसतं, असं तुम्ही म्हणालात.

यादी लागली तशा नोटिसा गेल्या. तुमची शेजारीण पार्वताबाई नोटीस घेऊन ऑफिसात आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाई, यात माह्या घराले दुकान लिहिलं म्हणते. दुकान कुठं हाय ते तरी दाखव, मी बसतो तिथं."

मला तिच्याकडं पाहता आलं नाही. का, ते पुढं सांगते.

त्या दुपारी तुम्ही माझ्या टेबलाजवळ आलात. "नसीमबाई, कर निर्धारक व्हायले काय काय लागते, त्याचा शासनाचा कागद आपल्याकडं असन ना? वाचून दाखवा."

मी कपाटातून काढून वाचला. पदवी. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामाची पदविका. विभागीय परीक्षा. मालमत्ता कराच्या कामाचा अनुभव. तुम्ही प्रत्येक अटीवर एकेक बोट मिटत होता.

"आता साहेबाच्या फाइलीत यातलं काय काय हाय?"

"फाइल आतल्या कपाटात आहे काका. किल्ली माझ्याकडं असते. पाहू का?"

"नाही. तुम्ही हात नका लावू. तुमची नोकरी नवी हाय. मी अर्ज करतो."

माहितीचा अधिकार तेव्हा नुकताच आला होता. लोकांना वाटायचं, तो वकिलांसाठी असतो. आपल्याच ऑफिसातल्या शिपायानं आपल्याच साहेबाच्या पात्रतेची कागदपत्रं मागितली, आणि ऑफिसात तुमच्याशी कोणी चहा प्यायला तयार होईना. मुख्याधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणे, तुमचं भलं कशात हाय ते समजून घ्या. मी म्हटलं, तेच समजून घ्यायचा अर्ज हाय साहेब." महिनाभरानं उत्तर आलं. परराज्यातल्या कुठल्याशा संस्थेची पदवी होती. पदविका नाही. परीक्षा नाही. अनुभवाचा दाखला एका सिमेंटच्या दुकानाचा.

तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि सुनावणीची वाट पाहिलीत.

सुनावणी सभागृहात होती. जिल्ह्याहून अधिकारी आले होते. रुईपुऱ्यातल्या बाया खाली सतरंजीवर बसल्या, खुर्च्या नगरसेवकांनी भरल्या होत्या. तुम्ही त्या दिवशी रजा टाकली होती, गणवेश नव्हता. बायांच्या मागं, भिंतीला टेकून बसलात. तुमच्या घराचा क्रमांक पुकारला तसे उठलात.

"साहेब, माह्या घराची हरकत नंतर. आधी एक विनंती हाय. ही यादी ज्यानं केली, त्याच्या पदाची पात्रता काय असाले पाहिजे, ते या सभेत वाचून दाखवा."

नवे साहेब हसले. "आणि तुमची पात्रता काय हो?"

सभागृहात हशा पिकला. मला अजून तो हशा ऐकू येतो. तुम्ही तो संपू दिलात.

"दहावी नापास," तुम्ही म्हणालात. "इंग्रजीत. दोन डाव. म्हणूनच साहेब, सत्तावीस वर्षांत एका कागदावर माही सही नाही. काढा एखादा. मले जेवढं येते तेवढंच मी केलं. तुम्ही सही केली, म्हणून तुमाले विचारून राह्यलो."

कोणी हसलं नाही. अधिकारी यादी चाळायला लागले. मग त्यांनी विचारलं, "पानाच्या खाली 'प्रत्यक्ष पाहून तपासले' अशी सही आहे. ही कोणाची?"

काका, ती सही माझी होती.

रुईपुऱ्याची सगळी पानं मी एका दुपारी सही करून मोकळी झाले होते. साहेबांनी म्हटलं, करून टाका, वरून घाई आहे. मी एकही घर पाहिलं नव्हतं. ज्या माणसानं मला आधी पाणी मागायला शिकवलं, त्याचं स्वतःचं घरसुद्धा पाहिलं नव्हतं. म्हणून पार्वताबाईकडं पाहता आलं नव्हतं. नव्या साहेबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

आणि तुम्ही मध्येच बोललात. "साहेब, तपासणी मंग पाहू. आधी पात्रता वाचा. मुळातच कच्चं असन तर शेंड्याचं काय तपासता?"

अधिकाऱ्यांनी मान हलवली. म्हणाले, शासन निर्णय कोणाकडं आहे? तो माझ्या हातात होता. मला वाचायला सांगितलं. मी वाचला. पहिली ओळ इतकी हळू वाचली की मागून पार्वताबाई म्हणाली, "बाई, मोठ्यानं." मग मी मोठ्यानं वाचला. प्रत्येक अट. आणि तुम्ही माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद पुढं सरकवून टेबलावर ठेवलात.

यादी रद्द झाली. दुसऱ्या गावाहून रीतसर पात्र अधिकारी आले आणि पुन्हा मोजणी झाली. तुम्हाला त्यांच्यासोबत पाठवलं नाही. टेप मी धरला. रुईपुऱ्यात प्रत्येक घरी पाणी प्यायले, माझं पोट दुखायला लागलं. गाद्या शिवणारी घरं घरंच राहिली. खताचं गोदाम यादीत चढलं. नव्या साहेबांना कोणी काही केलं नाही. एका सोमवारी ते आले नाहीत, एवढंच. त्याच आठवड्यात तुमची टाकीवर बदली झाली. पाण्याचा वॉल्व्ह सकाळी उघडायचा, दुपारी बंद करायचा.

माझ्या सहीबद्दल कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही ती पाहिली होती, मला माहीत आहे. सुनावणीच्या आधी यादीची प्रत तुम्ही पानन्‌पान वाचली होती. तुम्ही मला वाचवलंत आणि मी त्यानंतर दोन वर्षं तुमच्यासमोर चहा प्यायले, हसले, भांडले, पण 'काका, चूक झाली' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आज छापून सांगते. सही माझी होती. कोणाला कारवाई करायची असेल तर करा.

आता आपल्या भांडणाचं.

टाकीच्या पायरीवर बसून मी तुम्हाला म्हटलं होतं, पद पुन्हा रिकामं आहे. मी प्रस्ताव लिहिते, सत्तावीस वर्षांच्या कामावरून तुम्हाला पदवीच्या अटीतून सूट द्या. तुम्ही इतके रागावाल असं मला वाटलं नव्हतं.

"मले सूट नको. ज्या अटीनं त्या माणसाले उठोलं, त्याच अटीखालून मी वाकून निंघून जाऊ?"

"तो खोटा होता काका. तुम्हाला काम येतं."

"येते का नाही, हे कोण ठरवते? उद्या अध्यक्ष म्हणन, माह्या भाच्यालेही काम येते. अट हाय म्हणून आपल्याले बोलता आलं. अट नसती तर त्या सभेत मी काय वाचाले लावलं असतं?"

"मग परीक्षा ठेवा. कडक ठेवा. पण परीक्षेला बसायलाच पदवी काहून पाहिजे? मोजता येतं का ते मोजायला लावून पाहा."

"आमच्या घरी भिंतीवर ज्यायचा फोटो हाय, त्यायनं शिका म्हणून सांगतलं. शिकल्याबिगर खुर्ची मागा असं नाही सांगतलं."

"तुम्ही शिकला नाहीत का? शिकणं फक्त कॉलेजात होतं का?"

"नसीमबाई, तुमच्याजवळ डिग्री हाय, म्हणून तुमाले ती हलकी वाटते."

मी रागानं उठले, चप्पल घातली आणि निघाले. तुम्ही मागून म्हणालात, "जाऊन राह्यल्या तर जा, पण भांडण अर्धं हाय." मी म्हटलं, येते पुढच्या आठवड्यात. मार्चएंडचं काम निघालं, मग अब्बांचं डोळ्याचं ऑपरेशन. पुढचा आठवडा कितीतरी वेळा आला आणि गेला. मग एका सकाळी वॉल्व्ह उघडून तुम्ही पायरीवर बसलात, छाती धरलीत, आणि यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत पोचलाच नाहीत.

परवा तुमच्या घरी गेले. सुमनकाकूंनी आधी पाणी दिलं. मग त्यांनी तुमच्या पिशवीतून एक पुस्तक आणि एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. पुस्तक दहावीच्या इंग्रजीचं. शब्दांवर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिलेले, तुमच्या त्या मोठ्या, गोल अक्षरात. कागद बाहेरून परीक्षेला बसायचा होता, सतरा नंबरचा फॉर्म. भरलेला, फोटो चिकटवलेला. फोटोत तुम्ही केस पाणी लावून बसवले होते.

"टाकीवर बसून वाचत जात," काकू म्हणाल्या. "म्या म्हटलं, या वयात? म्हणे, दहावी, मंग बारावी, मंग कॉलेज. रिटायर झाल्यावर डिग्री भेटली तरी चालन, म्हणे, पण भेटली पाहिजे. आणि नसीमले सांगजो नको. ते म्हणन, पाहा, काकाले मनातून खुर्ची पाहिजेच होती."

आम्ही दोघी हसलो. मग हसता हसता काकू रडल्या, आणि मी तुमच्या घराच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

काका, मी तसं म्हटलं असतं, हे खरं आहे. तुम्ही मला ओळखून होता. पण तो फॉर्म पाहून मला कळलं की तुम्हाला खुर्ची नको होती. तुम्हाला फक्त त्या सभागृहातल्या हशाला पुरतं उत्तर द्यायचं होतं, आणि ते तुम्ही कोणाकडून उसनं घेणार नव्हता. म्हणूनच कालची ती ओळ मी काढायला लावली. तुम्ही उत्तर लिहायला बसला होता. मध्येच कोणी तुमच्या पेपरवर 'उत्तीर्ण' लिहावं, हे मला सहन झालं नाही.

तरीपण तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. मेलात म्हणून पटवून घेणार नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, ज्याला गावातली भिंत न् भिंत माहीत आहे, परीक्षेच्या दारापर्यंत पोचायला इंग्रजीचे धडे पाठ करायला लागावेत, ही अट मला आजही चुकीची वाटते. अट काढा असं मी म्हणत नाही. तिला दुसरं दार ठेवा म्हणते. ज्यानं इतकी वर्षं मोजणीचं काम केलं, त्याला पदवीशिवाय परीक्षेला बसू द्या. सूट नाही, फक्त बसायला जागा. पास झाला तर झाला.

तसा अर्ज मी लिहिला. पाच पानांचा. खाली माझी सही केली, आणि या वेळी प्रत्येक ओळ पाहून केली. आज सकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला, वर पाठवण्यासाठी.

त्यांनी चाळला, चष्मा काढला आणि मऊ आवाजात म्हणाले, "नसीम मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण आता याचा उपयोग काय? ज्यांच्यासाठी लिहिलं, ते तर गेले."

मी म्हटलं, "सर, दारव्ह्याला एक आहेत. महागावला एक आहेत, त्या बाई आहेत. वणीला दोघं आहेत. नावं जोडू का?"